मारव्यातली दहा मिनिटं

१९८४ साली मी कट्टा गावातल्या शाळेत संगीत शिकवत होतो. गुरुदास माझा लहानपणापासूनचा मित्र. तो तारकर्लीला राहायचा, नाटकं लिहायचा आणि बसवायचा. त्या वर्षी स्पर्धेसाठी त्यानं लिहिलेल्या नाटकात शेवटची दहा मिनिटं एकही संवाद नव्हता. गलबतावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत एक बाई अंगण सारवत राहते, एवढंच. बाकी सगळं संगीतानं सांगायचं होतं.

मी मारवा राग घेतला. षड्जावर टेकायचं टाळत राहिलो, म्हणजे ऐकणाऱ्यालाही कुठं टेकता येऊ नये. चाल पक्की व्हायला दोन महिने लागले. मग एका दुपारी गुरुदासच्या माडीवर खिडक्या लावून आम्ही कॅसेट भरली. समुद्राची गाज तरीही आत येतच होती. खोलीत आम्ही दोघंच. मी पेटी वाजवली. बोललो एक शब्दही नाही.

रत्नागिरीला प्रयोग झाला. पडदा पडला तरी लोक उठेनात. मी सहज हातातलं पत्रक उलटलं. संगीत : गुरुदास.

रंगपटात जाऊन त्याला विचारलं. तो ओशाळला नाही. उलट दुखावल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"तूच तसां सांगलंस, बाबू," तो म्हणाला आणि त्यानं कॅसेट लावली.

पेटीचे शेवटचे सूर संपले. थोडी खरखर झाली. मग माझा आवाज आला, दम लागल्यासारखा.

"गुरुदास, ही चाल तुझी. माझां नाव घालू नको."

त्यानं कॅसेट बंद केली. हे मी बोललोच नाही, असं मी परत परत सांगितलं. नटांपैकी कुणी नजर वर केली नाही. गुरुदासनं कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि निरोप न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. सुशीलेला सगळं सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नुसत्या खोकल्यावरून ती मला ओळखायची. हा आवाज माझा नव्हे, हे तीच सांगेल याची मला खात्री होती. चटईवर शेजारी बसून आम्ही कॅसेट लावली.

पेटी. खरखर. तेच वाक्य.

रंगपटात गुरुदासनं इथंच बंद केली होती. फीत पुढे फिरत राहिली.

"सुशीला," आवाज म्हणाला, "तुझ्या बाजूक जो बसलो आसा, तो मी न्हय."

मी हसायचा प्रयत्न केला. कुणीतरी माझी नक्कल केली असणार, म्हटलं.

पदर खांद्यावर ओढून सुशीला चटईवरून जराशी सरकली. मग टेपरेकॉर्डरकडे वाकली.

"तुमी खंय आसात?" तिनं हळूच विचारलं.

मला नुसती खरखर ऐकू येत होती.

सुशीला कान देऊन ऐकत होती, आणि मधूनमधून मान हलवत होती.