बारा बायांचं एकच उत्तर

आमच्या थोरल्या नातीचं, पिंकीचं लग्न झालं ते दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात. त्याच वर्षी तिची धाकटी बहीण धम्मशीला परभणीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली. ही गोष्ट तेव्हाची. धम्मशीलानं मला एक सांगितलं, तिच्या वर्गातल्या महारुद्रनं दुसरं. जिथं दोघांचं जुळलं तेवढंच इथं लिहिलं आहे.

शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राच्या मुलांना लघुप्रबंध लिहावा लागतो. पोरं त्याला प्रोजेक्ट म्हणतात. शिकवणाऱ्या सुकेशनी मॅडमची एक पद्धत होती. जेवणाच्या रिकाम्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं आपलं लिखाण वाचायचं, आपण त्याचं. वाचताना हातात फक्त पेन्सिल. चांगलं, वाईट असं काही लिहायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचे. आणि शेवटच्या पानावर वाचणाऱ्याची सही नसेल तर मॅडम प्रोजेक्ट हातातसुद्धा घेणार नाहीत.

धम्मशीलानं डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडली.

"महारुद्र कोण?"

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा उभा राहिला. "मी. अडीच वर्षं तुमच्या मागंच बसायलोय."

"मला मागं बघायची सवय नाही."

"माहीत आहे... अडीच वर्षं वेणीच बघायलोय."

वर्ग हसला. मॅडमसुद्धा हसल्या. धम्मशीला हसली नाही, पण त्या दिवशी घरी, बोरीला जायची बस लागेपर्यंत तिनं तीनदा वेणी पुढं घेतली आणि मागं टाकली. हे तिनंच सांगितलं.

महारुद्र गंगाखेडजवळच्या एका गावचा. वडील दिनकरराव, काळी जमीन भरपूर, दारात ट्रॅक्टर. त्याचा विषय होता कापूस वेचणाऱ्या बायांचा दिवस: त्या कधी निघतात, कधी विसावतात, पाणी कधी पितात. धम्मशीलाचा विषय होता पास काढून एसटीनं कॉलेजला येणाऱ्या मुली. तिनं चाळीस मुलींना बसमध्येच गाठून विचारलं होतं.

दिवाळीनंतर दोघांनी कागद बदलले. आठ दिवसांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये समोरासमोर बसले. त्यानं तिच्या पानापानावर बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते. अक्षर सुबक होतं, तिला ते आवडलं. प्रश्न आवडले नाहीत. एक तर मुळीच नाही: "चाळीसही मुली बसमध्येच भेटल्या. ज्यांचं येणं बंद झालं त्या बसमध्ये कशा भेटतील?"

"हे काय विचारणं झालं?" ती म्हणाली.

"प्रश्नच लिहायचे होते ना? मी तर पेन्सिल संपवली तुमच्यापायी."

"दुसरी घ्या."

"घेतली की. वरून खोडरबरपण घेतलं... काही जास्त बोललो तर खोडायला."

तिनं त्याचे कागद पुढं सरकवले. सगळी पानं कोरी. फक्त तिसऱ्या प्रकरणाखाली दोन ओळी: "बारा बायांनी एकच उत्तर दिलं. पाणी मिळतं, विसावा मिळतो, अडचण नाही. विचारताना तुम्ही कुठं बसला होता?"

महारुद्रनं दोनदा वाचलं. "घरी. अंगणात."

"कशावर?"

"बाजेवर."

"बाया?"

"खाली... ओट्यापाशी."

"आणि वडील?"

"होते तिथंच. चहा पीत."

"मग त्या काय सांगतील? मालक, तुमच्या रानात आमचे हाल होतात असं?"

त्याचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं कुणी बायांना त्रास देत नाही."

"मी तसं कुठं लिहिलं? कुठं बसला होता एवढंच विचारलं."

"मॅडमला चालंल हे. तुम्ही सही करा."

"मला चालत नाही. नाही करणार."

त्यानं कागद उचलले आणि निघून गेला. जमा करायची तारीख होती वीस जानेवारी. सही नाही तर निकाल नाही, म्हणजे वर्ष वाया. तो चार दिवस कॉलेजला आला नाही.

त्या चार दिवसांत धम्मशीलाला त्याचा बसमधला प्रश्न टोचत राहिला. तिची मैत्रीण साक्षी बारावीनंतर घरी बसली होती. सकाळची गाडी बंद झाली, दुसरी गाडी उशिराची, घरचे म्हणाले कशाला जातेस. धम्मशीला तिच्याकडं गेली, वही उघडली. साक्षी म्हणाली, "लय दिवसांनी आठवण आली गं. मला तर कुणी विचारलंच न्हाई." अशा सात जणी बोरीतच निघाल्या. धम्मशीलाचं चौथं प्रकरण त्या सात जणींचं झालं.

पाचव्या दिवशी महारुद्र वर्गात येऊन आपल्या जागेवर बसला. तेव्हा तिनं मागं वळून बघितलं.

"तुमचा प्रश्न बरोबर होता," ती म्हणाली.

"तुमचा पण," तो म्हणाला. " मी परत विचारायला गेलो, एकटाच. वडिलांना न घेता. त्या परत तेच म्हणाल्या... मी मालकाचा पोरगाच राहतो की. तुम्ही याल?"

डिसेंबरातल्या एका रविवारी ती गेली. गंगाखेडच्या स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन उभा होता. ती म्हणाली, "तू पुढं हो. मी ऑटोनं येते. तुझ्या गावाला डोळे आहेत." तिनं त्याला पहिल्यांदा तू म्हटलं होतं. तो सगळा रस्ता ऑटोच्या पुढं हळूहळू गाडी चालवत राहिला. ऑटोवाला चिडून म्हणाला, "हा पोरगा पुढंबी जायना आन् बाजूलाबी हुईना!"

शेताशी आल्यावर तो बांधावर थांबला.

"तिथं नको. अजून लांब," ती म्हणाली.

"इथून तर काही ऐकू येत नाही."

"म्हणूनच."

धम्मशीलानं वेचलेला कापूस टाकायला कंबरेला ओटी बांधली आणि बायांच्या ओळीत शिरली. झाडं अजून दवानं ओली होती. बायांनी तिची वेचणी बघून टिंगल केली.

"अगं, बोंड धरून कापूस वढ. बोळा करून घ्यायलीस नुसता," सरजाबाई म्हणाली. ती सगळ्यांत वयानं मोठी. "मालकाच्या पोराची तू कोण?"

"त्याचा पेपर तपासणारी."

"मंग नापास कर त्याला. लय प्रश्न इचारतंय!"

दुपारी भाकरी सोडल्या. धम्मशीलाला तहान लागली होती, तिनं बाटली तोंडाला लावली. सरजाबाईनं तिचा हात धरला.

"लय पिऊ नको. दिवसभर काय करशील? बसायला आडोसा हाय का कुठं?"

धम्मशीलानं मान वर करून बघितलं. कापूस कंबरेएवढा. चारी बाजूंनी उघडं रान. मग बाया एकेक करून बोलायला लागल्या. आधी कापसात तुरीच्या ओळी असायच्या. तूर डोक्याच्या वर जाते, बाईमाणसाला आडोसा होतो. यंदा मालकानं सलग कापूस लावला. तेव्हापासून बाया सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत, रानात पीत नाहीत, संध्याकाळी घरी जाऊन पितात. दोघींना लघवीच्या जळजळीनं दवाखाना झाला होता. विहीर तिथून हाकेवर होती.

"हे त्याला का नाही सांगितलं?"

"पोराला सांगायची गोष्ट हाय व्हय ती?" सरजाबाई म्हणाली.

परत निघताना धम्मशीलानं वही त्याच्या हातात दिली. त्यानं बांधावर उभ्यानं वाचली. त्याचे कान लाल झाले.

"हे मी कसं लिहू? रान आमचं आहे. सगळ्या गावाला कळंल."

"गावाचं नाव काढ, वडिलांचं काढ. बायांचं म्हणणं काढू नको."

"आणि काढलं तर?"

"तर सही नाही," ती म्हणाली. "...आणि मी मागं वळून पण बघणार नाही."

हे शेवटचं वाक्य महारुद्रनं मला सांगितलं. धम्मशीला म्हणते, मी असं बोललेच नाही. पण सांगताना हसते, म्हणून लिहिलं.

त्यानं प्रकरण पुन्हा लिहिलं. पण जमा करण्याआधी वडिलांना वाचून दाखवायचं ठरवलं. लपवून लिहिलं तर ते खरं असूनही चोरीचं वाटेल, असं त्याला वाटलं. घरात दिनकरराव होते आणि त्यांच्या आई पार्वतीबाई. वाचून झाल्यावर दिनकरराव म्हणाले, "बापाची बदनामी छापायला कॉलेजात घातलं का तुला?"

पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिनकर, तू पोटात असताना मीबी त्याच रानात येचायचे. तवा तूर होती, म्हणून निभावलं. तुला कधी सांगितलं का मी? लेकाला कसं सांगावं?"

दिनकरराव उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले आणि म्हणाले, "छाप. नाव तेवढं काढ." पुढच्या जून-जुलैत त्यांनी कापसात तुरीच्या ओळी घातल्या. कुणाला काही बोलले नाहीत.

वीस जानेवारीला दोघं कँटीनमध्ये बसले. धम्मशीलानं त्याच्या शेवटच्या पानावर सही केली. मग त्यानं तिच्या प्रोजेक्टवर सही केली आणि सहीखाली पेन्सिलीनं काहीतरी लिहून कागद उलटा ठेवला.

"काय लिहिलंस?"

"प्रश्न. पद्धत आहे ना मॅडमची..."

तिनं कागद फिरवला. लिहिलं होतं: "ही वाचणारी मला जन्मभर मिळेल का?"

कँटीनवाल्यानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला. "नाहीतर खोडरबर आहे माझ्याकडं..."

"पेन्सिलीनं काय विचारतोस? पेनानं विचार."

त्यानं खिशातलं पेन काढून तीच ओळ गिरवली. तिनं खाली पेनानंच लिहिलं, "हो." आणि घाईत तेच पान मॅडमकडं गेलं. सुकेशनी मॅडमनी दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. म्हणाल्या, "हा प्रश्न विषयाला धरून नाही. उत्तर मात्र थोडक्यात आणि स्पष्ट आहे." दोघंही पहिल्या वर्गात पास झाले.

पुढचं इतकं सोपं नव्हतं. जात आडवी आली. दिनकरराव तीन महिने लेकाशी बोलले नाहीत. इकडं माझा मुलगा बालाजी, धम्मशीलाचा बाप, म्हणाला, "आपली पोरगी त्या घरात एकटी पडंल." कुणी कुणाच्या दारी जाईना. शेवटी पार्वतीबाईच एकट्या एसटीनं बोरीला आल्या, आमच्या घरी जेवल्या, आणि निघताना बालाजीला म्हणाल्या, "एकटी कशी पडंल? मी हाय की." महिन्याभरानं दिनकररावही आले. नोव्हेंबरात परभणीला नोंदणी लग्न झालं.

पार्वतीबाई त्या लग्नाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दोन डिसेंबर दोन हजार पंचवीस, मंगळवारी पहाटे, राहत्या घरी त्या वारल्या. वय ब्याऐंशी होतं. शेवटचं पाणी धम्मशीलानं पाजलं.