पाचवा सेन्सर

"इथं कुणी बसलंय का?" मी विचारलं.

शिरूर स्टँडवरून सुटणाऱ्या केडगावच्या एसटीत तेवढीच एक सीट मोकळी होती, आणि तिच्यावर एक पुठ्ठ्याचं खोकं ऐसपैस बसलं होतं. खोक्याला बारीक भोकं पाडलेली... आतून नुसता चिवचिवाट!

खिडकीपाशी बसलेल्या तरुणानं खोकं पटकन मांडीवर घेतलं. "बसा की. ह्यांचं तिकीट काढल्यालं न्हाई."

मी बसले. डिसेंबरची सकाळ होती. बस उसाच्या ट्रॉलीमागं रखडत चालली होती. मला राहवेना.

"कुठं चाललीत ही पिल्लं?"

"परत घरी. गिऱ्हाईकानं मागवली, आन् गेलो तर शेडला पडदासुदिक न्हाई. ह्या थंडीत मरतील की. म्हटलं, ऱ्हाऊ द्या, नेतो मागारी."

तो बोलताना तळहातानं खोक्याची वाऱ्याकडची भोकं झाकून धरत होता. मी उगाचच त्या हाताकडं बघत राहिले... आणि त्यानं मान वळवली तशी घाईनं ट्रॉलीकडं.

केडगावच्या अलीकडं एका फाट्यावर मी उतरले, तर तोही उतरला.

"इथं मल्हारची हॅचरी कुठं आहे?" मी विचारलं.

तो थबकला. "मीच मल्हार. तुम्ही कारेगावच्या कंपनीतनं आलाय? पण जालिंदर साहेब येणार व्हते..."

"सर रजेवर आहेत. मी राजनंदिनी. चालेल ना?"

"मला चालंल हो," तो हसत म्हणाला. "मशीनला चालायला पायजे."

आमची कंपनी अंडी उबवायच्या मशीनचे कंट्रोलर बनवते. आतली ऊब राखायची, ठरल्या वेळी अंडी फिरवायची, हे सगळं त्या डबीतला प्रोग्रॅम करतो. मल्हारच्या मशीनमधला प्रोग्रॅम मात्र अधूनमधून आपोआप बंद पडत होता. पुन्हा चालू होईपर्यंत आतली ऊब उतरायची.

दारातच त्याचे वडील उभे होते. म्हस्कूआप्पा. उंच, खांद्यावर घोंगडी.

"मेंढरं इकून ही मशीन घेतलीया, पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "मागची निम्मी अंडी वाया गेली. ही खेप बी गेली तर पोरगं म्हणतंय, पुण्याला नोकरी बघतो."

मल्हारनं मान खाली घातली. मी लॅपटॉप उघडला.

प्रोग्रॅम पडताना दर वेळी मशीनच्या स्क्रीनवर एक लांबलचक आकडा दाखवायचा. मी मशीनमधला प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि काळ्या पडद्यावर कमांड टाइप करू लागले. मल्हार स्टूल ओढून जवळ बसला. जरा... जास्तच जवळ.

"हे काय करताय?"

"प्रोग्रॅमच्या पोटात बघतेय."

"उघडून?"

"न उघडता. आपण लिहितो तेव्हा प्रत्येक गोष्टीला नाव असतं. मशीनच्या भाषेत रूपांतर झालं, की नावं गळतात आणि नुसते आकडे उरतात. पण सोबत डीबग माहिती ठेवलेली असेल, तर कुठला आकडा मूळ कुठल्या ओळीतून आला, त्याचं नाव काय, त्याला जागा किती दिली, हे सगळं फाइलमध्ये राहतं. ही कमांड ते वाचून दाखवते."

"आन् ठेवली नसंल तर?"

"तर मी आता रडत बसले असते. हा प्रोग्रॅम लिहिणारे सतीश सर कंपनी सोडून गेले, आणि ह्या आवृत्तीची मूळ प्रत त्यांनी कुठं ठेवली ते कुणालाच माहीत नाही. त्यांनी माहिती काढून टाकली नव्हती, हे आपलं नशीब."

"आपलं" म्हणून गेले खरी... त्यानं ऐकलं नसावं. नसावंच!

स्क्रीनवरचा आकडा मी कमांडला दिला. उत्तर लगेच आलं: फाइलचं नाव, फंक्शनचं नाव, ओळीचा क्रमांक. सतीश सरांनी फंक्शनला इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी नाव दिलं होतं — तापमान_वाचा.

"आरं तिच्या! मराठीत?" मल्हारचे डोळे चमकले. "अजून काय काय हाय आत? दाखवा की."

मग मी दुसरी कमांड दिली. नावांची भली मोठी रांग सरकू लागली. ऊब, ओलावा, पंखा, फिरव... तो एकेक नाव मोठ्यानं वाचत होता, लहान मूल दुकानांच्या पाट्या वाचतं तसं. आणि मी? मी एका नावापाशी थांबले.

"मल्हार, मशीनमध्ये तापमानाचे सेन्सर किती आहेत?"

"पाच."

"कंपनी चार देते."

"दाराकडच्या ट्रेला गार लागायचं, म्हणून एक मी जादा जोडला. तुमच्या डबीला जोडायची एक पिन मोकळी व्हती ना. मागच्या खेपेच्या आधी." तो बोलता बोलता थांबला. "का वो?"

मी बोट ठेवलं. "हे बघा. सेन्सरचे आकडे ठेवायला इथं चारच घरं आहेत. पाचवा आकडा शेजारच्याच्या घरात घुसतो. शेजारी कामात असला, की प्रोग्रॅम कोसळतो."

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजी... मीच केलं?"

"तुम्ही पिल्लांना थंडी वाजू नये म्हणून जोडला. पाचवा आला तर त्याला दारातच अडवायचं काम प्रोग्रॅमचं होतं. त्यानं नाही केलं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला पुढची कमांड आठवेना.

आम्ही पाचवा सेन्सर काढला. पण मग दाराकडच्या अंड्यांचं काय? नवा प्रोग्रॅम लिहायला वेळ लागणार होता. आप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि मशीनच्या दाराबाहेरून नीट बांधली. "कोकरं जगायची हिच्यात," एवढंच म्हणाले.

मशीन पुन्हा पडते का, ते बघत मी संध्याकाळपर्यंत थांबले. ती पडली नाही. दुपारी मल्हारनं खोलीत अंधार केला आणि एक अंडं बॅटरीवर धरलं.

"आता माझी कमांड बघा."

अंडं आतून लालसर उजळलं. केसाएवढ्या शिरा... आणि मधोमध एक काळा ठिपका, हलणारा!

"जिवंत आहे?" मी कुजबुजले.

"व्हय. घ्या, तुम्ही धरा."

अंडं माझ्या हातात देताना त्याची बोटं क्षणभर तिथंच राहिली. आम्ही दोघंही त्या ठिपक्याकडंच बघत होतो... म्हणजे, तसं दाखवत होतो.

त्यानंतर रोज एक मेसेज यायचा. आज ऊब अशी, ओलावा तसा. आणि शेवटी हटकून एक प्रश्न. गाव कुठलं विचारलं, तेव्हा मी पाटस सांगितलं, आणि घरचंही. एकदा विचारलं, "माणसाच्या पोटातलं वाचणारी कमांड हाय का?"

मी लिहिलं, "माणसानं नावं पुसली नसतील तर आहे."

पुढं एका सकाळी फोन आला. तो बोललाच नाही, नुसता चिवचिवाट ऐकवला. अंडी फुटली होती! माझे डोळे भरून आले, कारेगावच्या त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर.

ऑफिसात सापडलेल्या त्याआधीच्या आवृत्तीवरून मी नवा प्रोग्रॅम लिहिला. जालिंदर सर म्हणाले, "बसवायला मी जातो." मी म्हटलं, "नको सर, मीच जाते." जरा घाईनंच म्हटलं असावं, कारण सर चष्म्यावरून बघत राहिले.

नवा प्रोग्रॅम बसला. पाचवा सेन्सर पुन्हा जोडला, मुद्दाम सहावाही लावून पाहिला. प्रोग्रॅमनं त्याला नम्रपणे नाही म्हटलं. आप्पा समाधानानं मळ्याकडं गेले. मी लॅपटॉप मिटला.

"झालं?" मल्हारनं विचारलं.

"झालं. आता नाही बिघडणार."

"म्हंजी... आता तुम्ही यायच्या न्हाईत."

मी बॅगेची चेन उगाच लावत बसले. ती कधीच लागली होती.

"राजनंदिनी," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. "मला फिरवून बोलता येत न्हाई. तुम्ही मला आवडता. त्या दिवशी एसटीत खोकं उचललं ना, तवापास्नं. पण तुम्ही पाटसच्या, मोठ्या घरच्या. आन् आम्ही कालपतूर मेंढरामागं हिंडणारी माणसं. न्हाई म्हणालात तरी मी समजंन."

आबांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा डोळ्यांपुढं आला. मारुतराव. गावात त्यांच्या शब्दाला वजन. पहिला प्रश्न ठरलेला — कुणाचा पोरगा? त्यांना समजवायला एक भेट पुरणार नव्हती. चार लागतील, रुसवे होतील, आई रडेल... हे सगळं मला दिसत होतं. आणि तरी आत कुठंच भीती सापडेना. शोधून बघितली.

"आबा विचारतील, पोरगा कुणाचा," मी म्हटलं.

"मग काय सांगशील... सांगाल?"

"सांगेन, म्हस्कूआप्पांचा. ज्यांनी अंगावरची घोंगडी अंड्यांना दिली."

तो बघतच राहिला. मला हसू आलं, आणि थोडं रडूही.

"रविवारी पाटसला ये," मी म्हटलं. "आप्पांना घेऊन. आणि मल्हार, मला अहोजाहो करायचं आता बंद कर."

"बरं," तो म्हणाला. मग अगदी हळू, "येतो... तू दारात उभी ऱ्हा."