न चमकलेलं माणिक

"थांबा! पाऊल टाकू नका!"

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या उंबऱ्यावर तिचा एक पाय हवेतच राहिला. आवाज जमिनीवरून आला होता. घड्याळजी काउंटरमागे रांगत होता, डाव्या डोळ्याला भिंग.

"काय हरवलंय?"

"माणिक."

"केवढं?"

"खसखशीच्या दाण्याएवढं. घड्याळातल्या चाकाचा आस त्याच्यावर फिरतो. गिऱ्हाईक पाचला येतंय, आणि मी..."

ती वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत रत्नपारखी होती; आली होती पट्टा बदलायला. तिने पर्समधून पेनाएवढा अतिनील दिवा काढला.

"शटर ओढा."

"आँ?"

"अंधार हवाय. ओढा!"

शटर खाली आलं. दिव्याच्या झोतात आधी त्याचा धुतलेला शर्ट निळसर उजळला, मग जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे. आणि स्टुलाच्या पायाशी... एक लालभडक ठिपका. निखाऱ्याची ठिणगीच जणू.

"हे पेटलं कसं?"

"पेटलं नाही. माणकात किंचित क्रोमियम असतं. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश ते गिळतं आणि त्यातला काही भाग लाल उजेड म्हणून परत देतं."

"सगळीच माणकं देतात?"

"लोह जास्त असेल तर नाही. लोह सगळं मधल्यामध्ये खातं."

"आमच्या आत्यासारखं."

"काय खाते रे आत्या?" शटर खडाडकन वर गेलं. दारात आत्या. समोर भाचा आणि एक अनोळखी मुलगी, दोघंही गुडघ्यांवर.

"आत्या, माणिक शोधतोय!"

"सापडलेलं दिसतंय," आत्या म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

या दुकानात बावीस वर्षांत दोन खडे पडले होते. पुढच्या दोन महिन्यांत अकरा पडले. दर वेळी घड्याळजी जिना चढून वर यायचा, दर वेळी शटर ओढलं जायचं. खडा तीन मिनिटांत सापडायचा. चहा मात्र अर्धा तास चालायचा.

मग एका सोमवारी तिच्या हातात बदलीचं पत्र पडलं. दुसरं शहर, मोठी प्रयोगशाळा. होकार की नकार, ते गुरुवारी सहापर्यंत कळवायचं. तिने त्याला सांगितलं. तो "छान" म्हणाला आणि हातातला चिमटा चहात बुडवला.

गुरुवारी साडेपाचला तो धापा टाकत वर आला. "पडला!"

शटर खाली. दिवा चालू. पंधरा मिनिटं दोघं फरशी न् फरशी शोधत होती. लाल ठिपक्याचा पत्ता नाही.

"लोह... जास्त असेल त्यात," तो म्हणाला.

ती सरळ उभी राहिली. "घड्याळातले खडे कारखान्यात बनतात. त्यात लोह कोण घालणार? चमकलाच असता. पडलाच नाही ना?"

"...नाही. आज पाडायला उरलाच नव्हता. सगळे बसवून झाले."

"म्हणजे आधीचे?"

"पहिला खरंच पडला. बाकीचे हळूच सोडले. गिऱ्हाइकाचा माल, जपायला हवा."

"आणि आजचा हा तमाशा?"

"सहाला उत्तर द्यायचंय ना तुम्हाला? वाटलं, शोधता शोधता सहा वाजून जातील."

"वा! म्हणजे माझं उत्तर तुम्हीच देऊन टाकणार होतात!"

"चुकलं." त्याने घसा साफ केला. "विचारायलाच हवं होतं. जाऊ नका... म्हणजे, जायचं असेल तर जरूर जा. पण मला तुम्ही आवडता. फार. राहाल?"

तिने घड्याळ पाहिलं. सहाला आठ मिनिटं होती. तिने फोन लावला.

"साहेब, बदली नको मला."

"अहो, एवढी चांगली जागा! फायलीत कारण काय लिहू?"

तिने दिवा समोर धरला. शर्ट उजळला, वर भीतीने घट्ट मिटलेले दोन डोळे.

"कारण इथे घामाघूम होऊन उभं आहे, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही 'घरगुती' लिहा."