सिद्धाप्पा आज्जाची कमर

“थूक आधी! गुंड्या, थूक म्हणते ना!” रंभा ओरडली.

गुंडाने तोंडातलं पान थू थू करून टाकलं. “कडू न्हाय गं. तुरट हाय जरा.”

“मागच्या हप्त्यात मेंढ्यांनाही तसंच वाटलं असेल,” मल्लेशम म्हणाला. “मग फुगल्या आणि गेल्या!”

कुणी हसलं नाही. १९७३ सालचा मे महिना. सलग दुसरं वर्ष कोरडं. अक्कलकोटच्या अलीकडचा तो माळ असा तापला होता, की सरडासुद्धा एका वेळी एकच पाय टेकवायचा आणि उरलेले तीन वारा घालायला वर धरायचा! सोलापूरहून रंभा सुट्टीला मामाकडे आली होती. शेजारच्या विणकरांचा मल्लेशम हट्टानं तिच्याबरोबर आला होता. मामेभाऊ गुंडाला घेऊन दोघं पाला शोधत टेकडीमागच्या घळीत उतरले होते. उद्या बाजार होता, आणि धोंडीराममामा उरलेल्या एकोणीस मेंढ्या खाटकाला देणार होता. चारा म्हणून काडी उरली नव्हती, आणि अनोळखी पाला घालून चार मेंढ्या मेल्यापासून मामा नव्या झाडाचं नावही काढू देत नव्हता.

आणि इथे, सगळं रान करपलेलं असताना, हे उंच झाड हिरवंगार उभं!

“आपटा आहे,” मल्लेशमने जाहीर केलं. “दसऱ्याला वाटतो तो.”

“डोळे सोलापुरात ठेवून आलास काय? आपट्याचं पान एकच असतं, मधे चिरलेलं. ही दोन पानं आहेत, फक्त बुडाशी जुळलेली. आणि केवढीशी!” रंभा झाडाभोवती फिरली. एकदम थांबली. “गुंड्या, हे बघ!”

खालच्या फांद्यांवर कोयत्याचे जुने घाव होते. भरून, गाठी होऊन गेलेले.

“कुणीतरी पाला तोडलाय हितं,” गुंडा पुटपुटला. “लई वर्सांमागं.”

“आणि एकदाच नाही. विषारी असता तर पुन्हा पुन्हा कोण तोडेल?”

एक डहाळी घेऊन तिघं पळत घरी आले.

छपरात बाजेवर मामाचा बाप, सिद्धाप्पा आज्जा, पडला होता. महिन्यापूर्वी त्याचं अर्धं अंग गेलं, आणि त्याबरोबर मराठीही गेली. लहानपणी तो सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून आला होता. आता तोंडातून एखादाच शब्द फुटायचा. दवाखान्यातला कंपौंडर त्याच्या कमरेला पट्टा आवळत होता.

“कमर... कमर!” आज्जा चांगला हात आपटत होता.

“बघा, दुखणं स्वतःच सांगतोय! तुम्ही कंबर म्हणता, शहाणी माणसं कमर म्हणतात,” कंपौंडर म्हणाला. “आणखी मलम चोळा.”

“म्हैनाभर चोळतोय की,” मामा थकून म्हणाला. “बाज घसरडी झाली, गुण न्हाय.”

तेवढ्यात आज्जाची नजर डहाळीवर पडली. डोळे विस्फारले. “कमर!”

रंभा दचकली. त्याचा हात कमरेकडे गेलाच नव्हता. तो डहाळीकडे पसरला होता!

“मामा, थांब. गुंड्या, कडुनिंबाची फांदी आण. बाभळीचीही!”

“खेळ मांडलाय का हितं?” मामा गरजला. पण गुंडा केव्हाच पळाला होता.

रंभाने कडुनिंब दाखवला. आज्जा म्हणाला, “बेवु.”

बाभूळ दाखवली. “जाली.”

मामाचा चेहरा बदलला. “बेवु म्हंजे निंबच की. आन् जाली म्हंजे बाभळ. मी ल्हान असताना म्हनायचा.”

रंभाने तिसरी डहाळी पुढे केली.

“कमर,” आज्जा म्हणाला. डहाळी छातीशी ओढून घेत त्याने हुंदका दिला. “कुरी... कुरी... कमर.”

“कुरी म्हंजे मेंढी,” मामा म्हणाला. “देवा! म्हातारा म्हैनाभर झाडाचं नाव सांगत हुता, आन् आमी त्याला पट्टं बांदत हुतो.”

कंपौंडरने पट्टा सोडला. “हे झाड... अंजन म्हणतात याला,” तो हळूच म्हणाला. “आमच्या गावाकडे गुरं खातात.”

“मग आधी का न्हाय बोललात?” गुंडा तडकला.

“आधी मी म्हाताऱ्याकडे बघत होतो. झाडाकडे कोण बघतं?”

मामाने घाई केली नाही. सगळ्यांत मरतुकड्या मेंढीपुढे मूठभर पाला टाकला. तिने हुंगला, खाल्ला. दुपार टळली तरी ती फुगली नाही. दिवस कलताना ती रवंथ करू लागली, तेव्हा मामाने कोयता उचलला.

सगळ्या काही वाचल्या नाहीत. पाला येईस्तोवर दोन गोठ्यातच आडव्या झाल्या होत्या. पण सतरा मेंढ्या बाजाराला गेल्या नाहीत.

“पोरांनो,” मामाने तिघांच्या डोक्यांवर हात ठेवला, “आमी थोरं कान असून भैरं. तुमी ऐकलंसा.”

आज्जाने पुन्हा ओठ हलवले. सगळे वाकले.

“नीरु.”

नीरु म्हणजे पाणी. या शब्दाचा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही. गुंडाने कोरड्या विहिरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रंभाने आपल्या वाटणीचा अर्धा पेला आज्जाच्या ओठांना लावला. थेंब सांडू नये म्हणून मल्लेशमने खाली ओंजळ धरली.