ओळ संपल्यावर

पटणार नाही, पण घडलंय. व्हिडिओ मी स्वतः तपासला आहे.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. अकोटजवळचं शेत. भर दुपार.

माझा मावसभाऊ पियुष गिटारवर ब्लूज गातो. अमेरिकेतल्या काळ्या कापूसमजुरांचं दुःखाचं गाणं. एक ओळ गायची, थांबायचं... त्या मोकळ्या जागेत गिटारने उत्तर द्यायचं. अकोल्यात त्याला कोणी विचारत नव्हतं. तोही अकोलेकरांना माणसांत मोजत नव्हता. "यांना डीजेच हवा," म्हणायचा.

पुण्यातल्या एका महोत्सवाने संध्याकाळपर्यंत व्हिडिओ मागितला होता. ही संधी गेली की वडिलांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं. म्हणून तो मैनाआत्याच्या कपाशीत जाऊन बसला.

"सीतादही व्हयाचं हाय अजून!" आत्या ओरडली. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. तोवर बोंडाला कोणी हात लावत नाही. "पूजेबिगर तोडू नको बाप्पा!"

"दही तूच खा, आत्या."

त्याने टपोरं फुटलेलं बोंड तोडलं आणि गिटारच्या तारांत खोचलं. व्हिडिओत छान दिसावं म्हणून.

"जल्मात ओंजळभर कापूस नाही वेचला, अन् वेचणाऱ्याचं रडगाणं गाते!" म्हणत आत्या दूर बांधावर गेली.

त्याने इंग्रजीत पहिली ओळ गायली. दिवसभर कापूस वेचून माझी बोटं फाटली...

थांबला. तार छेडली.

तार थरथरली. पण आवाज आला नाही.

आणि मागून, अगदी कानाशी...

"हूं."

बाईचा आवाज. तुच्छतेने भरलेला.

मागे कोणीच नव्हतं. आत्या लांब बांधावर भाकर खात होती.

प्रत्येक ओळीनंतर तेच. तार मुकी... आणि "हूं."

संध्याकाळ होत आली होती. त्याने तसाच व्हिडिओ पाठवला.

निवड झाली! 'त्या बाई कमाल आहेत,' असा मेसेज आला.

मग वर्षभर कार्यक्रमच कार्यक्रम. स्टेजवर पियुष एकटा. ओळ संपली की "हूं" यायचं आणि टाळ्या पडायच्या. त्याच्या गाण्याला नाही, "हूं"ला.

परवा महोत्सवाचा फोन आला.

"यंदा तुम्ही नाही आलात तरी चालेल. फक्त त्या बाई हव्यात."

"अहो, बाई कोणी नाहीच!"

"काहीतरीच काय? त्या तर सकाळीच येऊन पोचल्या."

पियुषने फोन ठेवला. गिटार घेतली. एक ओळ गायली, थांबला...

"हूं" आलं नाही.

तारही वाजली नाही.

कार्यक्रम रविवारी आहे. सगळी तिकिटं संपलीत. माझ्याकडे एक आहे, पण जायचा धीर होत नाही.