शुक्रवारचं माप

"डोकं खाली कर, नरसू! तो वळून बघतोय!"

काशीनं नरसूची मान भिंतीआड दाबली. शिवपुत्र तर आधीच जमिनीला चिकटला होता. मेच्या सुट्टीत एक तरी चोर पकडायचाच, असं तिघांनी ठरवलं होतं आणि हा चोर आपणहून स्कूटरवर बसून आला होता!

तो माणूस नाल्यात उतरला. मधोमध खाच कापलेली फळी त्यानं पाण्यात आडवी रोवली. खाचेतून पाणी किती उंच वाहतंय, ते पट्टीनं पाहिलं. मग फळी उपटून तो भुर्रकन निघून गेला.

"गेल्या शुक्रवारीही हेच केलं त्यानं," शिवपुत्र कुजबुजला. "नक्की काहीतरी पुरलंय!"

"नाल्यात? तुझी अक्कल पुरली असेल!" नरसू म्हणाला.

शिवपुत्रची आजी नागव्वा नाल्याजवळच, गल्लीच्या सगळ्यात खालच्या घरात राहायची. तिला सगळं ठाऊक होतं.

"त्यो व्हय? ओव्हरसियर हाय त्यो. हितं पंपघर बांधनार हाईत. समद्या वस्तीचं घाण पानी हितल्या खड्ड्यात गोळा करायचं, अन् पंपानं वर ढकलायचं. पानी किती, ते मोजतोय."

"आणि पंप लहान पडला तर?" काशीनं विचारलं.

"मग खड्डा भरंल की! घाण माज्या घरात, अन् आपल्या आडात. मग प्यायचं काय?"

तिघांनी वळून आडाकडे पाहिलं. पण काशीच्या डोक्यात एक शंका वळवळत होती.

"तो शुक्रवारीच का येतो? शुक्रवारी विणकरांचे माग बंद, रंगाचे कारखाने बंद. नाला जेमतेम वाहतो!"

"मुद्दाम!" नरसूचे डोळे चमकले. "लहान पंप बसवायचा कट आहे हा!"

शनिवारी त्यांनी खोक्याच्या फळीला तशीच खाच कापली आणि ती नाल्यात रोवली. लाल-निळं पाणी धो धो आलं आणि खाच भरून फळीवरून सांडू लागलं!

सोमवारी मोठे इंजिनिअरसाहेब जागा पाहायला आले. जीप गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढे गल्लीभर ताणा लावला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे धागे ताणून बायका त्यांना खळ लावत होत्या.

"साहेब, पुढं वाट नाही," ओव्हरसियर घाईघाईनं म्हणाला. "इथूनच पाहू या."

काशी त्याच्याकडे बघतच राहिली. "अस्सं! शुक्रवारी ताणा नसतो, स्कूटर थेट नाल्यापर्यंत जाते. म्हणून तुम्ही शुक्रवारीच येता!"

"ए पोरी, बाजूला हो!"

"का बाजूला होऊ? साहेब, वाकून या! धाग्यांखालून जाता येतं!"

नरसूच्या आईनं हसत काठीनं धागे उचलून धरले. साहेबांनी टोपी काढली आणि कंबरेत वाकून ते मुलांच्या मागं निघाले. ओव्हरसियरलाही वाकावंच लागलं.

नाल्यात मुलांची फळी होतीच. जांभळं पाणी तिच्यावरून उड्या मारत होतं. साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी फळी हातानं हलवून पाहिली. ती पक्की होती.

"माप कोणत्या दिवशी घेतलंत?"

"शुक्रवारी, साहेब. एरवी रोज ताणा असतो… चालत लांब पडतं…"

"वर नवी वस्ती उठतेय, आणि आपण सुट्टीच्या दिवसाचं पाणी धरून पंप निवडतोय!" साहेबांचा आवाज चढला. "आता आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ मोजा. पाणी सर्वांत जास्त असेल, तेव्हाचं माप धरायचं. वाढत्या वस्तीचं पाणी त्यात वेगळं मिळवायचं. आणि एक पंप बिघडला तर दुसरा तयार हवा. चालत या!"

"म्हणजे कट नव्हता?" नरसू हिरमुसला.

"आळस होता," साहेब म्हणाले. "घर बुडवायला तेवढा पुरतो. शाबास! तुम्ही या आजींचं घर वाचवलंत."

त्यांनी तिघांशी हात मिळवले. नागव्वा भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आली.

"लई गुणाची पोरं! बसा, खावा. पन आदी हात धुवा!"

मुलं हसत आडाकडे पळाली. साहेब टोपलीकडे वळले, तशी नागव्वानं टोपली मागं ओढली.

"सायेब, तुमी बी! हात बगा की!"

साहेबांनी आपल्या जांभळ्या हातांकडे पाहिलं आणि ते मुकाट्यानं मुलांच्या मागं रांगेत उभे राहिले.