अकरा मिनिटं उशीर

"अहो... अहो बाई, तिथून नको—"

हे ऐकू येईपर्यंत संपदाचा उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला होता. दोन हजार सहा सालची पहिली सकाळ, त्यात रविवार. सगळं जग रात्रीचं जागरण फेडत झोपलेलं, आणि ही बोळिंजच्या बिल्डिंगीतल्या तिसऱ्या मजल्यावरून उतरून निर्मळच्या वाडीवाडीतून राजोडीच्या समुद्राकडे पळत निघालेली. वाटेत केळींमधून जाणारी एक छानशी पायवाट दिसली. बाईसाहेब वळल्या. आता ती पायवाट नव्हतीच, त्याला कोण काय करणार? तो पाण्याच्या पाटाचा बांध होता, नुकताच ओल्या मातीनं लिंपलेला. तिचं एक पाऊल पडलं, बांध फुटला आणि केळींना निघालेलं पाणी शेजारच्या वाफ्यात शिरलं.

फावडं घेऊन धावत आलेल्या तरुणानं तिच्याकडे बघितलंच नाही, तो आधी वाफ्याकडे बघत राहिला.

"काल मुळ्याचं बी पेरलं होतं त्यात," तो म्हणाला.

"सॉरी... मला वाटलं रस्ता आहे."

"काय करता तुम्ही?"

"शिकवते. नालासोपाऱ्याच्या शाळेत."

"विषय?"

खोटं बोलावं की काय, असं संपदाच्या मनात येऊन गेलं. "भूगोल."

तो हसला नाही. पण हसू दाबताना त्याचे कान किंचित हलले, ते तिनं पाहिलं.

"आमच्या वाडीत एक नियम आहे, मॅडम. ज्यानं बांध मोडला त्यानंच तो घालायचा. त्याच दिवशी, आपल्या हातानं. मग पाहुणा असो नाहीतर जावई."

"द्या ते फावडं."

"फावड्यानं माती ओढायची फक्त. दाबायची हातानंच. आणि घाई करायची नाही. आधी केळीचं खोड आडवं टाकून पाणी थोपवायचं, मग माती. नुसती माती टाकत बसलात तर पाणी ती सोबत घेऊन जातं."

पाऊण तास लागला. पंप बंद करा म्हटलं, तर पंपाच्या खोलीची चावी त्याच्या आईच्या, प्रमोदिनीकाकूंच्या कमरेला. आणि काकू दर रविवारी पंप सुरू करून देवळात जाणार, त्यात ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. कोपरापर्यंत चिखलानं माखलेल्या संपदानं शेवटी मान वर केली, तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. दोघांनीही लगेच केळींकडे पाहिलं. केळींमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. त्याचं नाव सुजय.

आता ही मुलगी पळत का होती, ते सांगायला हवं. पंचविशी गाठलेल्या मुलीच्या घरी जे चालतं तेच तिच्याही घरी चाललं होतं. वडील सुधाकरराव मुंबईतल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षांत एकही लेटमार्क नाही, हे ते पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबर सांगत. ठाण्याचं एक स्थळ त्यांच्या मनात भरलं होतं, आणि संपदाला काही ते स्थळ नको होतं. वादावादी झाली. "एक गोष्ट कधी तडीस नेली आहेस का?" असं ते बोलून गेले, आणि तिनं तिथल्या तिथे कागद ओढला. एका मासिकात तिनं ट्रेल रनिंगबद्दल वाचलं होतं — डांबर सोडून डोंगरातून, वाळूतून, मातीतून पळायचं. तिनं बारा महिन्यांच्या बारा धावा लिहिल्या. बाराच्या बारा वर्षाच्या आत पुऱ्या झाल्या तर लग्नाचं तिचं ऐकायचं. एक जरी राहिली, तर बाबा म्हणतील ते. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि तो कपाटाच्या दारावर चिकटला. आई म्हणाली, "बापलेक दोघंही वेडे," आणि कुकर लावायला गेली.

शेवटची धाव सुधाकररावांनी स्वतः लिहिली होती. एकतीस डिसेंबर, राजोडीच्या वाळूपासून तुंगारेश्वराच्या देवळापर्यंत. सकाळी साडेसहाला निघून दहाच्या आत.

फेब्रुवारीत जीवदानीच्या पायऱ्या न थांबता चढली. मार्चमध्ये ओहोटी बघून अर्नाळ्यापासून राजोडीपर्यंत अनवाणी. ओहोटीची वेळ सुजयनंच सांगितली होती, आणि तो स्कूटरवर पाणी नि वेलची केळी घेऊन येऊन बसला होता. मग तो दर महिन्याला यायलाच लागला.

"तू का नाही पळत?" एप्रिलपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"माणसानं पळावं ते कुत्रं मागं लागल्यावर."

"मग येतोस कशाला?"

"केळी संपवायला कुणीतरी लागतं..."

असं उत्तर देऊन तो दुसरीकडे बघायचा. आणि दुसरीकडे बघणाऱ्या माणसाचे कान बघायची सवय संपदाला लागून गेली होती.

जुलैत कामणदुर्गाच्या ओल्या कातळावर तिचा पाय मुरगळला. सुजयनं तिला उचलून वगैरे नेलं नाही. तो शेजारी बसला, फुलांच्या जुड्या बांधायची केळीची सोपटं त्याच्या खिशात नेहमी असायची, ती ओली करून त्यानं घोट्याला घट्ट गुंडाळली. बारीक पाऊस होता. गाठ मारून झाली तरी त्याचे हात तिथेच राहिले, आणि तिनंही पाय मागे घेतला नाही.

"हरलेच की मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"वर्षाच्या आत म्हटलंय ना? कामणदुर्ग कुठं पळून चाललाय. ऑक्टोबरात करू."

करू, म्हणाला तो. करशील नाही. संपदानं तो शब्द घरी नेला आणि आठवडाभर जपला.

ऑक्टोबरात कामणदुर्गाच्या माथ्यावर ती वाट बघत होती. आता बोलेल, मग बोलेल. सुजय बोलला, पण भलतंच. "मला बघायला दोन मुली आल्या होत्या," तो म्हणाला. "एकीला आमच्या बावखलातलं, वाडीतल्या तळ्यातलं, पाणी हिरवं वाटलं. दुसरीनं विचारलं, नखातली माती रविवारी तरी निघते का?"

"मग?"

"मग काय... नाही निघत. खरं तेच सांगितलं." आणि थोड्या वेळानं, "तू डिसेंबर जिंक, संपदा. जिंकलीस की तुझ्यावर कुणाची बळजबरी राहणार नाही. मग... मग बघू."

अस्सा राग आला तिला. बारा-बारा कोस पळणाऱ्या मुलीला चार शब्द ऐकायला वर्ष थांबावं लागतं, ही काय रीत झाली? पण तिनं तरी आपण होऊन कुठं विचारलं? प्रेमात पडलेली माणसं शहाणी असती तर गोष्टी सांगणाऱ्यांनी काय करायचं?

एकतीस डिसेंबर. रविवारच होता. साडेसहाला तिनं राजोडीची वाळू सोडली. थंडी गोड, पाय हलके. सुधाकरराव घड्याळ घेऊन देवळाकडे निघालेले. सुजय अंधारातच स्कूटर काढून तुंगारेश्वराच्या पायथ्याशी जाऊन थांबणार होता. आणि निर्मळला त्याच्या वाडीवरून जाताना तिला पाण्याचा आवाज आला. नको तिथून येणारा.

ती थबकली. बांध फुटला होता. त्यावर स्कूटरच्या चाकाची खोल खूण होती, आणि पाणी धो धो काशिनाथकाकांच्या वाफ्यात चाललं होतं. काकांनी, सुजयच्या वडिलांनी, दुखऱ्या कमरेनं दोन दिवस वाकून तिथे वांग्याची रोपं लावली होती. तिनं हाका मारल्या. काका फुलं घेऊन बाजाराला गेलेले. काकू देवळात, पंपाची चावी त्यांच्या कमरेला. रोपं एकेक करून आडवी होत होती.

संपदानं घड्याळाकडे पाहिलं. एक वर्ष. अकरा धावा. ठाण्याचा मुलगा. सुजयचं ते 'मग बघू'. सगळं तिला माहीत होतं, एकही गोष्ट ती विसरली नव्हती. तरी ती खाली उतरली.

आधी केळीचं खोड. मग माती. घाई करायची नाही... हात भराभर चालत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं बांध अर्धामुर्धा सोडला नाही. पाणी केळींकडे वळलेलं पाहूनच ती निघाली. पंचवीस मिनिटं गेली होती.

पायथ्याशी सुजय पाण्याची बाटली घेऊन उभा होता. "एवढा उशीर? काय झालं? आणि हे हात—"

"बोलू नकोस. श्वास नाहीये."

मग तो चपला हातात घेऊन तिच्यामागून चढ पळत निघाला. हो, तोच, कुत्रं मागे नसताना. अर्ध्या वाटेवर तिनं तुटक शब्दांत सांगितलं. बांध... स्कूटरचं चाक... वांगी वाचली. त्याचा चेहरा उतरला.

देवळाच्या पायरीवर सुधाकरराव उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

"दहा वाजून अकरा मिनिटं."

संपदा मटकन खाली बसली. सबब सांगणं तिच्या रक्तात नव्हतं, त्यांचीच मुलगी ती. "हरले, बाबा."

"काका," सुजय पुढे आला. छाती भात्यासारखी हलत होती. "ती नाही हरली. बांध मी मोडला. हिला इथे भेटायच्या घाईत अंधारात स्कूटर घातली त्यावरून. तिनं थांबून तो घातला, आमच्या बाबांची रोपं वाचवली. आमच्यात ज्यानं मोडला त्यानं भरायचं. तिचं हरणं मला द्या."

"तू काय हरणार? तुझी माझी काय पैज?"

सुजयचे कान लाल झाले होते. "ती जिंकली असती तर आज तिला विचारणार होतो. माझ्याशी लग्न करशील का म्हणून. हरली तर गप्प बसणार होतो. पण आता गप्प नाही बसवत मला. नखात माती आहे, पगार नाही, तेवढं सोडून..." तो संपदाकडे वळला. "तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. मुळा वाहून गेला तेव्हापासून."

"मग एवढे दिवस केळी का खायला घातलीस?" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "बाबा, मलाही हाच हवाय. पण मी हरले आहे. तुम्ही म्हणाल ते."

सुधाकररावांनी खिशातून तो सह्यांचा कागद काढला. कपाटावरून काढून बरोबर आणला होता त्यांनी. डिसेंबरच्या पुढे पेनानं लिहिलं, 'अकरा मिनिटं उशीर'. माणूस नियमाचा पक्का. मग लेकीच्या वाळलेल्या चिखलाच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले.

"हरलीस ती हरलीस. आता मी म्हणेन तेच व्हायचं," ते सावकाश म्हणाले. "ठाण्याला मी नाही म्हणून कळवतो. पुढच्या रविवारी आपण निर्मळला जाऊ, आईला घेऊन. तडीस काही नेत नाहीस असं मी म्हणालो होतो ना... तो बांध बघायचाय मला."

पुढच्या रविवारी त्यांनी तो खरंच पाहिला. प्रमोदिनीकाकूंचा चहा घेऊन, पँट दुमडून, सुधाकरराव या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावरून चालले. बांध जागचा हलला नाही. पलीकडे वांग्याची रोपं सरळ उभी होती, आणि काशिनाथकाका कमरेवर हात ठेवून त्यातलं प्रत्येक त्यांना दाखवत होते.

"केळींना पाणी सोडायचंय," सुजय हळूच म्हणाला. "येतेस?"

संपदानं बूट काढून चाफ्याखाली ठेवले, आणि फावडं घेऊन त्याच्यामागून निघाली. पळत नाही, चालत.